नोकरी, स्वतंत्र काम की तिसरेच काही? कोल्हापुरात डिलिव्हरी करणाऱ्यांना नेमके काय हवे आहे?

कळंबा_वाट
सर्वांना नमस्कार. मी चार वर्षांपासून कोल्हापुरात पूर्ण वेळ डिलिव्हरीचे काम करतो. वय ३१, शिक्षण बी.कॉम., घरी आई आणि पत्नी. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क आणि रंकाळा हा माझा नेहमीचा भाग आहे. मागच्या आठवड्यात शिरोलीजवळच्या एका गोदामात माल नोंदणीच्या कामासाठी मला विचारणा झाली. पगार १५,५०० रुपये असून पी.एफ. आणि ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कापून हातात साधारण १३,६०० पडतील. वेळ सकाळी ९ ते ६, रविवारी सुट्टी.

सध्या रोज अकरा तास आणि महिन्यातून २६ दिवस ॲप चालू ठेवले की सरासरी २४,००० जमा होतात. त्यातून पेट्रोलचे ६,०००, सर्व्हिसिंग व टायर मिळून १,२०० आणि रिचार्जचे ३०० वजा केले की १६,५०० उरतात. गाडीचा हप्ता २,९०० आहे. तो भरला की १३,६०० राहतात, म्हणजे आकडा गोदामाइतकाच येतो.

माझ्यापुरता प्रश्न आहे की ही नोकरी घ्यावी का. पण त्याहून मोठा प्रश्न बरेच दिवस मनात आहे. कंपनी आम्हाला ‘पार्टनर’ म्हणते, संघटनेची माणसे म्हणतात की आम्हाला कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी, आणि सरकारने कायद्यात ‘गिग कामगार’ असा वेगळाच शब्द आणला आहे. आपल्यापैकी जे हे काम करतात किंवा ज्यांच्या घरी कोणी करते, त्यांना स्वतःला यातले काय हवे आहे, हे जाणून घ्यायचे आहे.

सायंफेरी
मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी सात ते अकरा डिलिव्हरी करतो. माझे मत स्पष्ट आहे. मला कर्मचारी व्हायचे नाही. परीक्षेच्या महिन्यात मी वीस दिवस ॲप उघडत नाही आणि कोणाची परवानगीही मागत नाही. कर्मचारी झालो की पाळी लागेल, रजेचा अर्ज आला, आणि ज्याला फक्त चार तास द्यायचे आहेत त्याला कंपनी ठेवणारच नाही. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे या कामातून निघतात, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

उद्यमनगरचा_फिटर
कळंबा_वाट, नोकरी घ्या, फार विचार करू नका. मी शिवाजी उद्यमनगरात २२ वर्षे फिटर आहे. सहा वर्षांपूर्वी पत्नीचे ऑपरेशन झाले ते ई.एस.आय.मधून. त्या वेळी घरात दहा हजार रुपयेसुद्धा शिल्लक नव्हते. तरुण वयात स्वातंत्र्य गोड वाटते, पण वयाच्या पंचेचाळिशीत रोज शंभर किलोमीटर गाडी चालवून कंबर किती दिवस साथ देणार आहे? ज्यांना शिस्त नको असते तेच ‘पाळी नको’ म्हणतात, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

रमणमळा
फिटरकाका, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते.

मी ३८ वर्षांची आहे आणि स्कूटीवरून डिलिव्हरी करते. सकाळी मुलांना शाळेत सोडल्यावर साडेअकरा ते तीन आणि संध्याकाळी सासूबाई घरी आल्या की सात ते साडेनऊ असे माझे काम चालते. मधल्या वेळेत मुलांचे जेवण, अभ्यास आणि सासऱ्यांची औषधे असतात. यात बेशिस्त कुठे आली? याआधी मी एका दुकानात साडेआठ हजारांवर उभी राहत होते. मुलाला ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिले, तर पगार कापला गेला आणि वर बोलणीही खावी लागली. वेळ माझ्या हातात असणे ही माझ्यासाठी चैन नाही, त्यावर माझे घर चालते.

तरीही मी या व्यवस्थेवर समाधानी आहे असे कोणी समजू नये. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाने पार्सल मिळालेच नाही अशी तक्रार केली आणि ॲपवरचा माझा आयडी सहा दिवस ब्लॉक झाला. पार्सल मी त्यांच्या दारात, त्यांच्याच मुलाच्या हातात दिले होते. मदतीच्या चॅटमध्ये तेच ठरावीक उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिले आणि टीम लीडर म्हणाले की त्यांच्या हातात काही नाही. सातव्या दिवशी आयडी आपोआप सुरू झाला. कशामुळे बंद झाला होता आणि कशामुळे सुरू झाला, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. त्या सहा दिवसांची भरपाई मिळाली नाहीच, पण ‘तुमची चूक नव्हती’ एवढे एक वाक्यही मिळाले नाही. मला कर्मचारी म्हणा किंवा पार्टनर म्हणा, माझे म्हणणे ऐकून घेणारा एक माणूस समोर असला पाहिजे.

उद्यमनगरचा_फिटर
रमणमळा ताई, ते वाक्य मी मागे घेतो. मी माझ्यासारख्या पुरुषांचाच विचार करून लिहिले होते.

हिशेबनीस
कळंबा_वाट, तुमच्या हिशेबात एक चूक आहे. गाडीचा हप्ता तुम्ही एकाच बाजूला धरला आहे, पण नोकरी घेतली तरी तो भरावाच लागणार. त्यामुळे हप्ता दोन्हीकडून काढून टाका. कळंब्याहून शिरोलीला जाण्यायेण्याचे पेट्रोल महिन्याला साधारण १,४०० रुपये होईल. म्हणजे नोकरीत रोख १२,२०० आणि सध्याच्या कामात १६,५००. रोखीत डिलिव्हरी सरळ पुढे आहे.

आता दुसरी बाजू पाहा. पी.एफ.साठी धरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनावर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० पी.एफ.मध्ये जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. म्हणजे दरमहा ३,६०० रुपये निवृत्तिवेतन आणि बचतीत जमा होतात. ते धरून १५,८०० होतात, आणि त्यासाठी तुम्ही २६ दिवस नऊ तास, म्हणजे २३४ तास देता. सध्या १६,५०० साठी २८६ तास देता. तासाला नोकरीत साधारण ६८ रुपये पडतात आणि गाडीवर ५८. शिवाय महिन्याला २,६०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ३१,००० किलोमीटर गाडी झिजते, हा खर्च तर आपण धरलेलाच नाही. हप्ते फिटेपर्यंत गाडीच संपते, हे मी डिलिव्हरी करणाऱ्या माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिले आहे.

बावडा_वकील
कायद्याची बाजू मांडतो.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या ‘पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर काम करून कमाई करणारी व्यक्ती’ अशा आशयाची आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे, मात्र कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा आहे. त्या निधीतून अपघात, आरोग्य, मातृत्व, वृद्धापकाळ अशा योजना करता येतात. असंघटित कामगारांच्या केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवरील नोंदणीही यासाठीच आहे. परंतु किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा आणि कामावरून काढण्याविरुद्धचे संरक्षण या गोष्टी त्या व्याख्येसोबत येत नाहीत. म्हणजे योजना मिळेल, पण कर्मचाऱ्याचा हक्क मिळणार नाही.

आता सायंफेरी यांच्या मुद्द्याकडे वळतो. ‘कर्मचारी झालो की वेळेचे स्वातंत्र्य जाईल’ ही भीती मला समजते, पण आपल्या कायद्यात या दोन गोष्टी नेहमी परस्परविरोधी मानलेल्या नाहीत. पूर्वी सर्वोच्च न्यायालयासमोर नागपूरच्या विडी कारखान्याचे बिरधीचंद शर्मा प्रकरण आले होते. तेथील कामगार कारखान्याच्या वेळेत केव्हाही येत व जात आणि विड्यांच्या संख्येवर त्यांना मजुरी मिळे. तरीही त्यांना कारखाना कायद्याखाली कामगार मानले गेले. विडी योग्य नसेल तर नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता, हा त्यातील महत्त्वाचा धागा होता. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात नगावर काम करणाऱ्या शिंप्यांबाबतही न्यायालयाने त्याच दिशेने निर्णय दिला. विडी कामगारांच्याच दुसऱ्या एका प्रकरणात, शंकर बालाजी वाजे यांच्या खटल्यात, उलट निकाल लागला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दर ठरवणे, काम नाकारणे आणि आयडी बंद करणे या तिन्ही गोष्टी ज्याच्या हाती आहेत, त्याचे नियंत्रण कमी कसे म्हणायचे, हा प्रश्न उरतोच.

मागाचा_खटका
वकीलसाहेब, आदर राखून असहमती नोंदवतो. मी इचलकरंजीचा. वडिलांनी यंत्रमागावर ३० वर्षे काढली. मजुरी मीटरवर, तीही पिकाप्रमाणे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येप्रमाणे. माग चालला तर पैसे, वीज गेली तर नाही. कायद्याच्या नजरेत ते कामगार होतेच, पण बारा तासांची पाळी कमी झाली नाही, आणि त्यांच्या कारखान्यात पी.एफ.चे नाव कोणी काढले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर दुसरा माणूस उभा असायचा. कामगार हा शिक्का कागदावर मिळणे आणि त्याचा उपयोग होणे यांत फार मोठे अंतर आहे. त्यामुळे डिलिव्हरीच्या मुलांना ‘कर्मचारी’ हा शब्द मिळाला की सगळे सुरळीत होईल, असे मला वाटत नाही. नगावरचे काम माणसाला स्वतःहून जास्त तास राबायला लावते. इन्सेंटिव्हसाठी शेवटच्या दोन ऑर्डरी गाठायला मुले पावसात गाडी पळवतात, ते पाहिले की मला वडील आठवतात. जेवायला बसले तरी त्यांचा कान मागाच्या आवाजाकडे असायचा.

पावसाळी_चाक
मागाचा_खटका यांनी पावसाचा विषय काढला म्हणून लिहितो. २०२४ च्या जुलैमध्ये पंचगंगा वाढत होती आणि मी गंगावेशीच्या बाजूची ऑर्डर देऊन परत फिरलो होतो. ऑर्डर ‘पूर्ण’ अशी टिक करून साधारण पाच मिनिटे झाली असतील. शेवाळलेल्या वळणावर गाडी घसरली आणि गळ्याजवळचे हाड मोडले. कंपनीचा अपघात विमा होता, पण तो ऑर्डर स्वीकारल्यापासून पोहोचवेपर्यंतचाच, असे मला सांगण्यात आले. गाडीच्या विम्याकडे गेलो तर तेथे विचारले की खासगी गाडी भाड्याच्या कामाला का वापरली. सात आठवडे घरी होतो. बहिणीने मंगळसूत्र गहाण ठेवले.

एकच विनंती आहे. आपण कोणीही असू, आपला विमा केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो ते आजच वाचून घ्या.

बावडा_वकील
पावसाळी_चाक, हे वाचून वाईट वाटले. याच ठिकाणी कर्मचारी की नाही या दर्जाचा प्रश्न कागदावरून रस्त्यावर येतो. नव्या संहितेत कर्मचाऱ्याला घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातसुद्धा, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचा अपघात मानला जातो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबर चालकांच्या प्रकरणात चालक आपल्या परिसरात ॲपवर लॉगिन करून फेऱ्या स्वीकारायला तयार असेल तो सगळा वेळ कामाचा मानला. त्या निकालाने चालकांना पूर्ण कर्मचारी ठरवले नाही, तर तेथील कायद्यातल्या ‘वर्कर’ या मधल्या वर्गात बसवले, आणि त्यामुळे त्यांना किमान वेतन व पगारी सुट्टी मिळाली. स्पेनने २०२१ मध्ये डिलिव्हरी करणाऱ्यांना थेट कर्मचारी गृहीत धरणारा कायदा केला. त्यानंतर एका मोठ्या कंपनीने तो देशच सोडला, ही सायंफेरी यांच्या भीतीची खरी बाजू आहे.

सायंफेरी
म्हणजे माझी भीती अगदीच निराधार नाही. पण लॉगिनपासूनचा वेळ मोजला जावा, ही गोष्ट मलाही हवी आहे. दाभोळकर कॉर्नरला ऑर्डरची वाट पाहत मी काल ४० मिनिटे उभा होतो.

गूळबाजार
इतके प्रतिसाद आले, पण आपल्या घरातलीच गोष्ट कोणी काढली नाही, म्हणून मी लिहितो. माझे वडील शाहू मार्केट यार्डात हमाल होते. गुळाच्या हंगामात एका दिवसात चार-चार अडत्यांच्या दारात त्यांनी रवे (गुळाच्या ढेपा) उचलले आहेत. ते कोणत्याही एका अडत्याचे नोकर नव्हते, आणि तरीही ते वाऱ्यावर नव्हते, कारण महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी माथाडींना संघटित करून लढा उभारला, तेव्हा हा कायदा झाला. कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम) मंडळात भरतो. मंडळ मजुरी देते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना यांची सोय होते. मालक चार असले तरी कामगाराचे खाते एकच राहते.

आज एक मुलगा तीन ॲप चालवतो. प्रत्येक ॲप म्हणते की तो आमचा एकट्याचा नाही. यार्डातले अडतेही हेच म्हणत होते! मग प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही घेऊन त्या मुलाच्या एकाच खात्यात जमा करायला काय अडचण आहे? यार्डात पावत्या जुळवायला माणसे लागत होती, इथे तर प्रत्येक ऑर्डरची नोंद मिनिटासह कंपनीकडे आहे. माथाडी मंडळांत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. लेव्ही थकते, बोगस नोंदी होतात. पण वडील निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशांतून आमच्या घराचा स्लॅब घातला गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

रमणमळा
गूळबाजार दादा, हा पहिला प्रतिसाद आहे ज्यात माझी वेळही राहते आणि माझे म्हातारपणही राहते.

सीमाभाग
मी कर्नाटकातल्या निपाणीचा, कामासाठी रोज कोल्हापुरात येतो. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बाया घरी बसून काम करत आल्या आहेत, आणि १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले होते. नवे सांगायचे तर कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात प्रत्येक व्यवहारामागे कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद आहे. रमणमळा ताईंसाठी महत्त्वाचे हे की काम बंद करायचे असेल तर लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना द्यावी, असेही त्यात आहे. राजस्थानाने २०२३ मध्येच पहिला कायदा केला होता. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की त्याच ॲपवर, त्याच कामाला वेगळा हक्क लागतो, हे विचित्र आहे. महाराष्ट्रातही ही दोन कलमे हवीत.

मागाचा_खटका
माथाडीचा मुद्दा पटला. लेव्ही मालकाच्या मर्जीवर न राहता मंडळाकडे थेट जाते, हा आमच्या मागावरचा आणि यार्डातला खरा फरक आहे. मी माझे मत तेवढ्यापुरते बदलतो.

हिशेबनीस
एक विचारू का? हा खर्च शेवटी कोण देणार? ऑर्डरमागे दोन-तीन रुपये वाढले तर ग्राहक म्हणून मी देईन, पण ते रेट कार्डातून (कामगाराला मिळणाऱ्या दरांतून) गुपचूप कापले गेले तर लेव्ही कामगारानेच भरल्यासारखे होईल. लेव्ही आणि किमान दर या दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्या लागतील.

कळंबा_वाट
इतक्या मनापासून उत्तरे दिलीत, सर्वांचे आभार. हिशेबनीस, हप्त्याची चूक मान्य आहे, ती दुरुस्त करून पत्नीला दाखवली.

दोन दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे राजारामपुरीत ऑर्डरची वाट पाहणाऱ्या नऊ जणांना विचारले. ‘नोकरी हवी का?’ यावर सात जण नाही म्हणाले. मग मी विचारले की अपघाताचा पूर्ण विमा, पी.एफ., आयडी बंद करण्याआधी सुनावणी आणि वेळ आपल्या हाती, असे असेल तर? नऊच्या नऊ जण हो म्हणाले. मग त्या सात जणांशी बोलत बसलो. त्यांतल्या पाच जणांनी आधी गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एम.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे काम केले होते. अकरा महिन्यांनी ब्रेक, सुपरवायझरची शिवीगाळ, आणि दोन महिने उशिरा पगार. ‘नोकरी’ हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येते, आणि ते नकार देतात तो त्याला. त्यांना पक्की नोकरी कोणी कधी देऊच केलेली नाही, मग ती त्यांना नको आहे असे कंपन्या कशाच्या आधारावर म्हणतात?

दुसरी गोष्ट म्हणजे गोदामात जाऊन नेमणुकीचा कागद मागितला. तो गोदामाच्या कंपनीचा नाही, एका ठेकेदाराचा आहे. मुदत अकरा महिने, आणि त्या काळात दुसरीकडे कोणतेही काम करायचे नाही अशी अट आहे. संध्याकाळी दोन तास ॲप चालवून हप्ता काढीन, हा माझा विचार त्या अटीने बाद झाला.

तरीही मी सोमवारी तेथे हजर होणार आहे. पत्नीला पाचवा महिना आहे, आणि पावसाळी_चाक यांचा प्रतिसाद तिनेच मला दोनदा वाचून दाखवला. पण अकरा महिन्यांनी मी पुन्हा गाडीवर असेन अशी शक्यता मोठी आहे, म्हणून आयडी ठेवतो आहे आणि या विषयातून अंग काढून घेत नाही. रेट कार्ड, आयडी ब्लॉक आणि लॉगिनपासूनचा विमा या तीन गोष्टींवर सहायक कामगार आयुक्तांना एक निवेदन द्यावे असे मला वाटते. माथाडीसारख्या मंडळाची मागणी गूळबाजार यांनी लिहावी, आणि आयडीबद्दलचा भाग रमणमळा ताईंनी.

रमणमळा
लिहिते. ब्लॉक झालेल्या सहा दिवसांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत, तेही जोडू. वहिनींना जपा.

बावडा_वकील
मसुदा मी तपासून देतो, फी नको. ई-श्रमवर ज्यांची नोंद नाही त्यांनी भेटायला येताना आधार क्रमांक आणि बँक पासबुक आणावे, नोंदणीही तेव्हाच करू. केंद्राच्या डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत लाभासाठी एका ॲपवर वर्षात ९० दिवस किंवा सर्व मिळून १२० दिवस काम अशी अट होती. त्यामुळे सायंफेरी, तुम्ही तुमचे दिवस मोजून ठेवा.

सायंफेरी
मोजले. परीक्षेचा महिना वगळूनही गेल्या वर्षात १६० भरतात. मी येतो, आणि वसतिगृहातले आणखी तिघे जण येतील.

उद्यमनगरचा_फिटर
रविवारी सकाळी अकरा वाजता रंकाळा चौपाटीवर भेटू. चहा माझ्याकडून.